मध्यम शामन
मध्यम शामन : वेदनादायक अथवा भीती उत्पन्न करणारी तपासणी किंवा लहान शस्त्रक्रिया करताना औषधांच्या साहाय्याने रुग्णाची जाणीव मंद केली जाते, परंतु हाक मारल्यास किंवा खांद्याला हलका स्पर्श केल्यास तो समजून प्रतिसाद देऊ शकेल इतपतच ती मंद ठेवतात. या अवस्थेला मध्यम शामन म्हणतात. तीत श्वसनमार्ग मोकळा ठेवण्यासाठी बाहेरून मदत लागत नाही, श्वसन आपोआप पुरेसे चालू राहते व रक्ताभिसरणही सामान्यतः बिघडत नाही. जठर व बृहदांत्र यांची दुर्बिणीतून तपासणी, श्वासनलिकांची तपासणी, हृदयातील नळीपरीक्षा, निखळलेला सांधा बसविणे इ. प्रसंगी ही पद्धत वापरतात.

व्यवहारात ‘भूल’ हा एकच शब्द हिरडीतील अंतःक्षेपणापासून हृदयावरील शस्त्रक्रियेच्या वेळच्या संपूर्ण बेशुद्धीपर्यंत सर्वत्र योजला जातो. त्यामुळे ‘थोडी भूल देऊ’ असे सांगितल्यावर रुग्ण गाढ झोपेची अपेक्षा करतो आणि मध्येच आवाज कानी आल्यास औषध लागू पडले नाही असे समजून घाबरतो. वस्तुतः आवाज ऐकू येणे आणि कुशीवर वळण्याची सूचना पाळता येणे हे या पद्धतीत अपेक्षितच असते. वेदना असह्य झाल्यास तसे सांगावे; सांगता येणे हाच या पद्धतीचा एक फायदा आहे.

अमेरिकन सोसायटी ऑफ ॲनेस्थेशिऑलॉजिस्ट्स या संस्थेने १९९९ मध्ये किमान शामन, मध्यम शामन, खोल शामन व संपूर्ण शुद्धिहरण असे चार टप्पे निश्चित केले. टप्पे म्हटले, तरी प्रत्यक्षात तो एक सलग उतार आहे. एका रुग्णाला जेमतेम गुंगी आणणारी मात्रा दुसऱ्याला, विशेषतः वृद्ध व अशक्त रुग्णाला, खोल शामनात नेऊ शकते. म्हणून रुग्ण अपेक्षेपेक्षा खोल गेल्यास त्याला सावरण्याचे कौशल्य व साधने शामन देणाऱ्यांजवळ असावी लागतात [→ शुद्धिहरण].

बहुधा मिडॅझोलाम हे शामक आणि फेंटानिल हे वेदनाहारक नीलेतून थोड्याथोड्या मात्रेने देतात व प्रत्येक मात्रेनंतर परिणामाची वाट पाहतात. ही दोन्ही एकत्र दिल्यास श्वसन मंदावण्याचा धोका वाढतो. या सावधगिरीमागे कटू अनुभव आहे. मिडॅझोलामाला अमेरिकेत १९८५ मध्ये मान्यता मिळाल्यानंतर पहिल्या काही वर्षांत त्याची तीव्रता पुरेशी ओळखली गेली नाही. मात्रा जास्त पडून काही रुग्ण दगावले आणि त्यानंतर मात्रेविषयीच्या सूचना बदलण्यात आल्या.

रुग्णाने आधी दिलेली माहिती येथे निर्णायक ठरते. पूर्वी भूल दिली असता झालेला त्रास, औषधांची अधिहर्षता (ॲलर्जी), दमा, गर्भारपण, हलणारे दात किंवा कवळी आणि चालू असलेली सर्व औषधे सांगावीत. झोपेत मोठ्याने घोरणे व मध्येच श्वास थांबणे ही तक्रार क्षुल्लक वाटते, पण गुंगीत श्वसनमार्ग बंद पडण्याची ती पूर्वसूचना असते. मद्यपान वा झोपेच्या गोळ्या यांविषयी नातेवाइकांसमोर बोलण्याचा संकोच वाटत असेल, तर वैद्याशी एकांतात बोलावे. नित्य सेवनामुळे मात्रेचा अंदाज चुकू शकतो.

गुंगीत ओकारी होऊन जठरातील अन्न फुप्फुसात जाऊ नये यासाठी उपवास आवश्यक असतो. सामान्यतः हलके अन्न ६ तास, तळलेले वा मांसाहारी जेवण ८ तास आणि पाण्यासारखे नितळ पेय २ तास आधी थांबवितात. दुधाचा चहा नितळ पेयात मोडत नाही. ‘फक्त चहाच घेतला’ असे म्हणणाऱ्या रुग्णाची तपासणी त्यामुळेच पुढे ढकलावी लागते. सेमाग्लुटाइडासारख्या औषधांनी जठर उशिरा रिकामे होते, म्हणून ती आवर्जून सांगावीत. इन्शुलिनाची मात्रा उपवासाच्या दिवशी स्वतःच्या मनाने ठरवू नये.

संमती गुंगीपूर्वीच घेतली पाहिजे. निदानासाठी दिलेली संमती उपचारासाठी आपोआप लागू होत नाही, असे भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून तपासणीत गाठ आढळल्यास ती त्याच वेळी काढावयाची काय, हे आधीच ठरवून घ्यावे. तपासणी करणाऱ्याव्यतिरिक्त आपल्याकडे लक्ष कोण ठेवणार, हेही विचारण्यास हरकत नाही. बोटाला लावलेला ऑक्सिजनमापक (याचे तत्त्व जपानमध्ये ताकुओ आओयागी यांनी १९७० नंतरच्या दशकात शोधले) उपयुक्त असला, तरी रुग्णाला ऑक्सिजन दिला जात असता मंदावलेले श्वसन तो उशिरा दाखवितो. उच्छ्‌वासातील कार्बन डाय-ऑक्साइड मोजणारे उपकरण ते लवकर दाखविते.

तपासणीनंतर रुग्ण बोलू लागतो, प्रश्न विचारतो, कपडेही स्वतः घालतो. मात्र मिडॅझोलामामुळे या वेळेच्या आठवणी पुष्कळदा साठविल्याच जात नाहीत. वैद्याने सांगितलेला निष्कर्ष त्याने मान डोलावून ऐकलेला असतो आणि संध्याकाळी त्याला त्यातील काहीच आठवत नाही. यास्तव जबाबदार व्यक्ती सोबत असावी व सूचना लेखी घ्याव्यात. पुढील २४ तास वाहन चालविणे, यंत्रावर काम करणे, मद्य घेणे व महत्त्वाच्या कागदपत्रांवर सही करणे टाळावे. शामन उतरविण्यासाठी फ्ल्युमॅझेनिल हा उतारा द्यावा लागला असेल, तर रुग्णाला अधिक वेळ रुग्णालयात थांबवून ठेवतात. कारण उताऱ्याचा परिणाम मूळ औषधाआधी ओसरून पुन्हा गुंगी येऊ शकते.