गाडीत सगळं एकत्रच जातं, मग वेगळं कशाला?

वसईच्या निर्मळमध्ये ओल्या-सुक्या कचऱ्याचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं: "आम्ही इथे दोन डबे भरायचे आणि घंटागाडीवाला सगळं एकत्रच ओतणार. मग वेगळं कशाला करायचं?" मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात हेच ऐकू येतं, लग्नाच्या मांडवात हेच आणि तळ्याकाठी बसलेल्यांतही हेच. बोलणारी माणसं शिकलेली असतात, वाडी सांभाळून नोकऱ्या केलेली असतात. पण हे वाक्य उच्चारलं की पुढचं बोलणंच संपतं आणि घरात पुन्हा एकच डबा राहतो. म्हणून ते नीट तपासू.

त्यात खरं किती? वेगळा दिलेला कचरा गाडीत एकत्र होताना अनेकांनी पाहिला आहे, आणि ते चूकच आहे. केंद्र सरकारच्या घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मधल्या पंधराव्या नियमाने वेगळा केलेला कचरा दारोदार जाऊन गोळा करण्याची जबाबदारी स्थानिक संस्थेवर टाकली. त्या नियमाच्या शीर्षकातच नगर संस्थांबरोबर ग्रामपंचायतींचंही नाव होतं. वसई-विरार महापालिका ३ जुलै २००९ ला झाली तेव्हापासून गावं तिच्यात असावीत की बाहेर, हा वाद चालू आहे. कचऱ्यापुरता त्याचा काही फरक पडत नाही, कारण जबाबदारी दोघांवर सारखीच येते. आणि त्याच नियमावलीतला चौथा नियम तुमच्या-माझ्यासाठी होता: ओला, सुका आणि घरगुती घातक असा तीन प्रकारचा कचरा वेगळा ठेवा, रस्त्यात, गटारात, पाण्यात टाकू नका, जाळू नका, पुरू नका. गाडीवाल्याने त्याचा नियम मोडला म्हणून आपल्याला आपला मोडायची मुभा मिळत नाही.

पण कायदा बाजूला ठेवा. या तिन्ही प्रकारांचा गाडीशी संबंध तरी किती आहे?

ओल्यापासून सुरू करू. भाजीची देठं, केळ्याची सालं, चहाचा चोथा, उरलेलं जेवण, मासळीची खवलं. वजनाने घरच्या कचऱ्यात हाच निम्म्याच्या आसपास असतो. आता सांगा, निर्मळच्या ज्या घरामागे वाडी आहे, माड आहेत, केळी आहेत, त्या घरातलं केळ्याचं साल गाडीत चढतंच कशाला? वसईच्या वाड्यांनी केळी, पानवेली आणि फुलं पिकवली ती शेणखतावर, पेंडीवर, मासळीच्या खतावर आणि कुजलेल्या पाल्यावर. तेव्हा घरातून बाहेर फेकायला ओला कचरा उरतच नव्हता. आज आपण तो पिशवीत बांधून गाडीत टाकतो आणि वाडीसाठी खताची गोण विकत आणतो.

"वास येतो, उंदीर येतात," हे पुढचं उत्तर असतं. वास येतो तो कचऱ्यात पाणी जास्त आणि हवा कमी झाली की. ओल्या कचऱ्याच्या दुप्पट-तिप्पट सुका पाला हाताशी ठेवा. ओला थर टाकला की त्यावर लगेच पाल्याचा जाड थर द्या आणि आठवड्यातून एकदा वर-खाली करा. दोन-तीन महिन्यांत खत तयार होतं. मासळीचा टाकाऊ भाग आणि कोळंबीची टरफलंही कुजतात, फक्त ती वर ठेवायची नाहीत. ढिगाच्या मध्यावर दाबून पाल्याने झाकली की कावळे आणि मांजरं फिरकत नाहीत. आपल्याकडे एक अडचण मात्र खरी आहे. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी इतकं वर येतं की खड्डा विहिरीसारखा भरतो. म्हणून जूनपूर्वी जमिनीवरच विटांचं किंवा जाळीचं कडं करावं, तळाशी नारळाची सोडणं पसरावीत आणि वर झावळ्यांचं छप्पर घालावं. एवढं केलं की ऐन आषाढातही कुजण्याचं काम थांबत नाही.

आता सुका. ओल्या कचऱ्यासारखा तो उद्या सडणार नाही. धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या, पुठ्ठे, बाटल्या, डबे पडवीच्या कोपऱ्यात एका गोणीत महिनाभर बिनवासाचे राहतात आणि मग भंगारवाल्याकडे जातात. म्हणजे याचंही भवितव्य घंटागाडीवर अवलंबून नाही, ते आपल्या स्वयंपाकघरात ठरतं. डाळ सांडलेला पुठ्ठा आणि कोरडा पुठ्ठा या भंगारवाल्यासाठी दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिला तो उचलतही नाही. पाण्याच्या बाटल्यांचे तुकडे होतात, ते धुतले जातात आणि त्यांतून पॉलिएस्टरचा धागा निघतो. पण त्या आमटीत लोळलेल्या आल्या की धुण्याचा खर्च वाढतो आणि भाव पडतो. ॲल्युमिनियम पुन्हा वितळवायला ते खनिजापासून नव्याने बनवण्यापेक्षा सुमारे ९५ टक्के कमी वीज आणि इंधन लागतं. असा माल आपण उष्ट्यात कालवून का द्यायचा? दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, लटकता राहू द्या. तो चिमुकला तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही आणि गटारातून शेवटी बावखलात, म्हणजे वाडीजवळच्या तळ्यात जातो.

उरला तिसरा: जुन्या औषधांच्या बाटल्या, बॅटरी सेल, बल्ब, आणि त्यांच्यासारखेच बांधून द्यायचे सॅनिटरी पॅड, डायपर, फुटकी काच. हा गाडीतच द्यावा लागतो, म्हणून नुसता वेगळा न ठेवता बांधून द्यायचा. कागदात गुंडाळून वर लाल खूण केलेलं पुडकं गाडीत बाकीच्या कचऱ्याबरोबर पडलं तरी बंदच राहतं, आणि ते उचलणाऱ्या बाईच्या हाताला काही लागत नाही.

वाडी असलेल्या घरासाठी हिशेब असा आहे. ओला वाडीत राहिला, सुका गोणीत गेला, घातक बांधलेला आहे. मग गाडीत "एकत्र" व्हायला शिल्लक काय राहिलं? गाडीबद्दलची तक्रार खरी असूनही तिच्यातून काढलेला निष्कर्ष खोटा आहे, तो इथे. नालासोपाऱ्यातल्या चौथ्या मजल्यावरच्या कुटुंबाने हे वाक्य म्हटलं तर मी ते निदान ऐकून घेईन. त्यांच्याकडे वाडी नाही, त्यांना सोसायटीत खताची पेटी बसवावी लागेल, त्यासाठी सभेत भांडावं लागेल. निर्मळ, गास, भुईगाव, वाघोलीच्या वाडीवाल्यांनी ते म्हणावं हे मला पटत नाही.

आणि एकत्र झालेला कचरा जातो कुठे, तेही पाहा. महापालिकेचा कचरा वर्षानुवर्षं गोखिवऱ्याजवळच्या भोयदापाड्याला ओतला जातो. तिथे पुन्हापुन्हा आगी लागतात. ढिगाखाली दबलेला ओला कचरा हवेविना कुजून मिथेन सोडतो, वरचं प्लास्टिक जळणाचं काम करतं आणि धूर वसई पूर्वेच्या वस्त्यांत शिरतो. म्हणजे आपण "कशाला वेगळं करायचं" म्हणत पाठवलेली सालं तिथल्या मुलांच्या फुप्फुसांवर उठतात. वाडीत कुजवलेला ओला कचरा तिथे मिथेन करत नाही आणि गोणीत गेलेलं प्लास्टिक तिथे जळण होत नाही.

हे होऊ शकत नाही असं म्हणणाऱ्यांना दोन ठिकाणं दाखवता येतात. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली, आणि तिच्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली. २००८ मध्ये पुणे महापालिकेने तिच्याशी करार केला. तेव्हापासून ओळखपत्र असलेल्या बाया दारावर येतात, वेगळा कचरा घेतात आणि सुक्यातला विकाऊ माल विकून त्यावर घर चालवतात. दुसरं ठिकाण वेंगुर्ला. मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात तिथल्या छोट्या नगरपरिषदेने सुका कचरा कितीतरी प्रकारांत वेगळा काढायला सुरुवात केली. जिथे लोक नाक दाबून जायचे, तो कचरा डेपो बघायला बाहेरगावचे लोक येऊ लागले. दोन्ही ठिकाणी सुरुवात घराच्या उंबऱ्यापासून झाली.

गाडीवर रागच काढायचा असेल तर तो उपयोगाचा काढा. गाडीचा नंबर, तारीख आणि वेळ लिहून प्रभाग कार्यालयात लेखी तक्रार द्या. आपल्या प्रभागातला सुका कचरा वेगळा कुठे काढला जातो आणि पुढे कुणाला दिला जातो, हे माहिती अधिकारात विचारा. स्वतःचे डबे वेगळे असलेल्या माणसाने विचारलं की त्या प्रश्नाला वजन येतं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. बाटलीखालचा त्रिकोण आणि आकडा म्हणजे "याचा पुनर्वापर होतो" असं नव्हे. तो फक्त प्लास्टिकचा प्रकार सांगतो. वेफर्सचं चकचकीत पाकीट हे प्लास्टिक आणि धातूचे चिकटलेले थर असतात, भंगारवाला ते घेत नाही, म्हणून ते सुक्यात वेगळं बांधून द्या. चहाचा कागदी कप नुसता कागदी नसतो, आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. निर्मळच्या यात्रेत आणि लग्नांत वाढली जाणारी चंदेरी पत्रावळही तशीच, ती खतात टाकू नका. "विघटनशील" छापलेली पिशवी घरच्या खतात विरघळत नाही. तिला मोठ्या प्रकल्पातली साठ अंशांच्या आसपासची उष्णता बरेच दिवस मिळावी लागते. दुकानातलं चकचकीत छापील बिल रद्दीत घालू नका, त्यावर रसायनाचा लेप असतो. निर्माल्य ओल्यात जातं, पण हारातला नायलॉनचा दोरा आणि जर काढल्यावरच.

एक गैरसमज मात्र थोडक्यात सोडता येत नाही: "वाडीतल्या पाल्याबरोबर दोन पिशव्या जाळल्या तर काय बिघडतं, राख केळीलाच जाते." बिघडतं. राष्ट्रीय हरित लवादाने अल्मित्रा पटेल यांच्या प्रकरणात २२ डिसेंबर २०१६ ला उघड्यावर कचरा जाळण्यासाठी ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्यासाठी २५,००० रुपये दंड ठरवला, तो उगीच नव्हे. कमी आचेवर जळणाऱ्या प्लास्टिकमधून, विशेषतः पीव्हीसीमधून, डायॉक्सिनसारखी विषं निघतात. त्यांचा पहिला घास शेगडी फुंकल्यासारखी ती आग फुंकणारा माणूस घेतो. लाकडाची राख झाडांना चालते, प्लास्टिकची चालत नाही. रंगांतलं शिसं आणि कॅडमियम त्या राखेत उरतं, पावसाबरोबर आळ्यात उतरतं आणि ज्या बावखलाचं पाणी आपण वाडीला देतो त्यात मिसळतं. आणि पाला जाळायची तरी गरज काय? केळीच्या बुडाशी आणि माडाच्या आळ्यात तो वीतभर जाड पसरा. एप्रिल-मेच्या उन्हात ओल टिकून राहते, पाण्याची एखादी पाळी वाचते, आणि पावसात तोच पाला कुजून मातीत मिसळतो.