वासरांची वाढ आणि दुष्काळातील चारा

चारा-फंडास मदत करणाऱ्या गृहस्थांकडून आम्हांस एक प्रश्न वारंवार विचारला जातो, आणि तो गैरवाजवी आहे असे आम्ही म्हणत नाही. चारा थोडा, जनावरे फार. अशा वेळी औताचा बैल व दुभती म्हैस ही आधी जगवावी, वासरांस जीव राहील इतकेच घालावे, पाऊस पडला म्हणजे ती आपोआप वाढीस लागतील, असे या गृहस्थांचे म्हणणे असते. छावण्यांतूनही लहान जनावरास मोठ्याच्या निम्म्या हिशेबाने चारा व अनुदान धरण्याची वहिवाट पडलेली आहे. या म्हणण्याच्या बुडाशी दोन गृहीते आहेत. वाढ ही काही काळ तहकूब ठेविता येते, हे एक. आणि तहकूब ठेविलेली वाढ मागाहून पुरती भरून निघते, हे दुसरे. ती खरी की खोटी हे कळवळ्याने ठरवावयाचे नाही, पुराव्याने ठरवावयाचे आहे. आणि असा पुरावा शंभराहून अधिक वर्षे जमत आलेला आहे. तो वाचकांपुढे मांडावा एवढाच या लेखाचा हेतु आहे.

पहिल्या गृहीताचा निकाल लवकर लागतो. अमेरिकेतील मिसुरी संस्थानात वॉटर्स नामक शेतकी शास्त्रज्ञाने १९०८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही तरुण गोऱ्ह्यांस बेताचाच चारा देऊन त्यांचे वजन महिनोन्‌महिने आहे तेथेच राखिले. तागडीवर पाहिले तर जनावर जसेच्या तसे. परंतु मापाची पट्टी लावून पाहता त्याची उंची वाढतच होती. हाड वाढत होते, आणि त्याचा खर्च अंगावरील चरबीतून व मागाहून मांसातून भागविला जात होता. म्हणजे वजन थांबले म्हणून वाढ थांबली असे होत नाही. शरीरात मेंदू, हाडे, मांस व चरबी यांचे हक्क सारखे नसतात; अन्न तुटपुंजे झाले म्हणजे मेंदूचा व हाडाचा हक्क आधी, मांसाचा नंतर, चरबीचा सर्वांत शेवटी. केंब्रिज येथील हॅमंड व त्यांचे शिष्य मॅकमीकन यांनी १९४० च्या सुमारास डुकरांवर हा क्रम सविस्तर मोजून दाखविला. दुष्काळातील वासरू ज्यांनी पाहिले आहे त्यांस या क्रमाची ओळख निराळी करून देण्याचे कारण नाही. डोके मोठे, पाय लांब, पाठीचा कणा वर आलेला, आणि मांडीवर मुळीच मांस नाही, अशी जी त्याची आकृति दिसते, ती या अग्रहक्कांच्या वाटणीचीच आकृति होय.

दुसरे गृहीत अधिक वादग्रस्त आहे, आणि त्याच्या बाजूची साक्ष आम्ही आधी नोंदवितो. कनेक्टिकट येथे ऑस्बोर्न व मेंडेल या जोडीने १९१५ च्या सुमारास पांढऱ्या उंदरांवर जे प्रयोग केले, त्यांत त्यांनी उंदरांची वाढ पुष्कळ काळ रोखून धरिली. गव्हातील एकच प्रथिन देऊन पाहता उंदीर जगत, पण वाढत नसत. कारण त्यात लायसिन हे आवश्यक द्रव्य फार थोडे असते. ते द्रव्य घालताच वाढ पुन्हा सुरू होई. वाढीचे नेहमीचे वय उलटून गेलेले उंदीरही पुरे अन्न मिळताच वाढू लागले. वाढीची शक्ति उपासाने मरत नाही, इतके यावरून खास सिद्ध होते.

पण शक्ति शिल्लक राहणे आणि पूर्ण माप गाठणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. मिनेसोटा येथील जॅक्सन व स्ट्युअर्ट यांनी १९२० साली दाखविले की, अगदी कोवळ्या वयात अर्धपोटी ठेविलेल्या उंदरांस पुढे कितीही पोटभर घातले तरी ते आपल्या पोसलेल्या बरोबरीच्यांएवढे होत नाहीत. हा विरोध का पडतो, याचा उलगडा केंब्रिजच्या मॅकॅन्स व एल्सी विडोसन यांनी १९६० नंतरच्या वर्षांत केला. त्यांची युक्ति साधी होती. एका मादीखाली तीनच पिले ठेवावयाची व दुसरीखाली पंधरा ते वीस. म्हणजे आईचे दूध किती तोंडांत वाटले जाते एवढाच काय तो फरक. तीन आठवड्यांनी दूध तुटल्यावर सर्वांस हवे तितके अन्न मोकळे ठेविले, तरी गर्दीतली पिले जन्मभर लहानच राहिली. पुढे त्यांनी उंदरांस फक्त तीन आठवड्यांचा अर्धउपास निरनिराळ्या वयांत घडविला. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यांत ज्यांस तो घडला, ते मागाहून भरपूर खाऊनही मागेच राहिले. नवव्या आठवड्यानंतर ज्यांस घडला, ते भरून निघाले. मुदत तीच, उणीवही त्याच जातीची, फरक वयाचा. आमच्या धंद्यातील भाषेत सांगावयाचे तर वाढीच्या दाव्यास मुदतीचा कायदा लागू आहे, आणि मुदत गेल्यावर फिर्याद कितीही खरी असली तरी हुकूमनामा पुरता मिळत नाही.

असे का व्हावे, याचे कारण १९६६ साली विनिक व नोबल या अमेरिकन संशोधकांनी उंदरांच्या अवयवांतील पेशींची मोजदाद करून सांगितले. अवयव दोन रीतींनी वाढतो. कोवळ्या वयात पेशींची संख्या वाढते. पुढे संख्या जवळजवळ कायम होऊन प्रत्येक पेशी आकाराने मोठी होत जाते. उपास दुसऱ्या काळात पडला तर पेशी रोडावतात, आणि अन्न मिळताच पुन्हा भरतात. पहिल्या काळात पडला तर पेशी संख्येनेच कमी बनतात, व ती संख्या मागाहून भरून येत नाही. घराच्या विटा कमी पडल्या असता गिलावा कितीही जाड केला तरी खोली वाढत नाही, तसेच हे.

विडोसन व मॅकॅन्स यांनी डुकरांवर केलेला प्रयोग याहून कडक आहे, आणि तो वाचताना मन खिन्न होते. काही पिलांस त्यांनी वर्षभर इतके थोडे अन्न दिले की वर्षाच्या अखेरीस त्यांचे वजन पाच-सहा किलोच होते. त्याच वेताची पोसलेली भावंडे शंभर किलोंच्या कितीतरी वर गेलेली होती. नंतर त्यांस पोटभर अन्न मिळताच ती झपाट्याने वाढली, परंतु भावंडांचे माप त्यांनी कधीच गाठले नाही. त्यांच्या तोंडांत आणखी एक चमत्कार दिसला. दात आपल्या वेळेस अनुसरून तयार होत गेले, पण जबडा तितका वाढला नाही. तेव्हा दातांनी दाटी करून भलत्याच जागा धरल्या. शरीरातील सर्व भाग एकमेकांसाठी थांबून राहत नाहीत, हे यावरून जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही युक्तिवादाने होणार नाही. बाजारात दात पाहून वय ठरविणाऱ्या शेतकऱ्यास चारदाती अंगलटीचे दोनदाती खोंड आणि दोनदाती अंगलटीचे चारदाती खोंड यांच्या किमतीतील अंतर आम्ही शिकवावे असे नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. लहान जनावर दिसले की ते उपाशीच वाढले, असे अनुमान काढू नये. कोकणातील गाय लहान असते ती जातीनेच, आणि माणदेशातील खिलार उंच असतो तोही जातीनेच. आम्ही बोलत आहो ते एखाद्या जनावराने आपल्या जातीचे माप गाठले की नाही, याविषयी.

उंदराचे आठवडे वासरास तसेच लावता येणार नाहीत, हेही आम्ही मान्य करितो. उंदीर जन्मतो तो अगदी अपक्व, डोळे मिटलेला. वासरू जन्मताच उभे राहते. म्हणजे वासराच्या नाजूक काळाचा बराच भाग गाईच्या पोटातच जातो, आणि गर्भाचे बहुतेक वजन शेवटच्या तीन महिन्यांत वाढते. गाईगुरांवरील प्रयोगांचा निकाल उंदरांइतका कठोरही नाही. कॉर्नेल विद्यापीठात कालवडींचा एक गट ठरलेल्या प्रमाणाच्या शेकडा ६२ इतक्याच आहारावर वाढविण्यात आला. त्या कालवडी माजावर आल्या सुमारे विसाव्या महिन्यात, तर पुरे अन्न मिळालेल्या अकराव्या महिन्यात. परंतु व्याल्यावर त्यांस मोकळ्या हाताने खाऊ घालताच त्यांची वाढ अधिक वर्षे चालू राहिली व शेवटी त्या बरोबरीच्या मापाच्या जवळपास पोचल्या. हा पुरावा आमच्या विरुद्ध जातो असे कोणी म्हणेल. आम्हांस तो अनुकूल वाटतो, कारण त्यात उपास सौम्य होता, अन्न निकृष्ट नव्हते, आणि मुख्य म्हणजे पुढे कित्येक वर्षे सुकाळ होता. आपल्या कोरडवाहू गावात या तिन्हींपैकी एकाचीही हमी कोणी देऊ शकेल काय? आणि ते नऊ महिने तरी कोणाच्या खात्यावर पडावयाचे? तितके दिवस शेतकऱ्याच्या घरी दूध नाही.

प्रतिपक्षाची शेवटची कैफियत मॅके यांच्या नावाने येते, व ती हल्ली शिकलेल्या लोकांच्या तोंडी फार ऐकू येते. कॉर्नेल येथेच क्लाइव्ह मॅके यांनी १९३५ साली असे प्रसिद्ध केले की, ज्या उंदरांची वाढ कमी अन्नाने रोखली त्यांतील नर सरासरी ८०० दिवसांहून अधिक जगले, व पोटभर खाणारे नर ५०० दिवसही जगले नाहीत. मग अर्धपोटी राहणे हितकारकच नव्हे काय? या कैफियतीस उत्तर त्याच निबंधात आहे. माद्यांच्या आयुष्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. रोखलेल्या उंदरांस मागाहून भरपूर अन्न देऊनही ते पूर्ण मापाचे झाले नाहीत. शिवाय मॅके यांनी जे कमी केले ते केवळ उष्मांक. प्रथिने, क्षार व जीवनसत्त्वे यांत त्यांनी काटकसर केली नव्हती. पिंजऱ्यातील उंदरास औत ओढावे लागत नाही व पाण्यासाठी दोन कोस चालावेही लागत नाही. तुटीच्या वर्षी गोठ्यात जे घडते ते याच्या उलट असते. पोटाची पिशवी कशाने तरी भरली जाते, आणि उणीव पडते ती नेमकी प्रथिनांची व क्षारांची.

कडब्यात प्रथिने शेकडा ४ च्या आसपास असतात, शेंगदाण्याच्या पेंडीत ४० च्या वर. पोक्त गाय आपल्या मोठ्या पोटातील सूक्ष्म जंतूंच्या साहाय्याने कडब्यावर कसेबसे दिवस काढते. दोन-अडीच महिन्यांच्या वासराचे ते पोट अद्याप तयारच झालेले नसते; त्याच्यापुढे टाकलेला कडबा म्हणजे टाकल्यासारखाच. छावण्यांत उसाचे वाढे पुष्कळ येतात. त्यांतील ऑक्झॅलिक आम्ल शरीरातील चुना बांधून टाकते; म्हणून वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडून ती घालावी, आणि वाढत्या हाडाच्या जनावरास केवळ वाढ्यांवर ठेवू नये.

या सर्वांचा विचार करून कमिटीने पेंडीचा वाटा आधी गाभण गाईंस शेवटच्या तीन महिन्यांत, नंतर अंगावर पाजणाऱ्या गाईंस व दूध तुटलेल्या वासरांस, आणि मग इतर जनावरांस, असा क्रम ठेविला आहे. औताच्या बैलास वैरण तोडलेली नाही. पोक्त जनावर रोडावले तर ते भरून येते, आणि त्याच्यासाठी कडबाच पुष्कळ काम करितो. दुसरा ठराव असा की, पहिला पाऊस पडताच वासरांचा खुराक बंद करावयाचा नाही. गवत उगवून हाती येईपर्यंतचे आठवडे तर जातातच, आणि थकलेली वाढ भरून निघावयाची तर त्यापुढेही पुरे अन्न मिळत राहिले पाहिजे, हे वरील पुराव्यावरून दिसते. वर्गणीदारांचा उत्साह मात्र नेमका याच सुमारास ओसरतो, असा सर्वत्र अनुभव आहे.

सबब, ज्यांस माल देणे सोयीचे असेल त्यांनी कडब्याऐवजी सरकीची किंवा शेंगदाण्याची पेंड द्यावी. तिला वाहतूक कमी लागते. वासरांसाठी म्हणून आलेल्या पेंडीचा हिशेब निराळा ठेविला जाईल व वाटप आश्विनअखेर चालू राहील. बुरशी धरलेली पेंड मात्र कृपा करून कोणी पाठवू नये. तीतील विष वासरांस मोठ्या जनावरांपेक्षा लवकर बाधते, आणि ती आम्हांस परत करावी लागते.