कर्नलमधील स्मृतीचे आयुर्मान : ‘स्टॅकरॉट’ दोषाची मीमांसा

संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा म्हणजे कर्नल. स्मृतीचा कोणता भाग कोणास द्यावा आणि तो केव्हा परत घ्यावा, हे ठरविण्याचे काम त्याचेच. दिलेला भाग कधीच परत घेतला गेला नाही तर गळती होते. उलट, वापर चालू असतानाच तो परत घेतला गेला तर त्या जागी दुसरी सामग्री येते, आणि जुना पत्ता धरून असलेला वाचक त्या परक्या सामग्रीस आपली समजतो. पहिल्या दोषाने यंत्र मंदावते. दुसऱ्याने सामान्य वापरकर्त्याच्या हाती सर्वाधिकार जाऊ शकतात.

असा अकाली मृत्यू टाळण्याचे दोन मार्ग रूढ आहेत. पहिला मार्ग गणनेचा. वस्तू वापरणाऱ्या प्रत्येकामागे एक आकडा वाढवावयाचा, त्याचे काम संपताच तो कमी करावयाचा, आणि शून्य आल्यावरच स्मृती मोकळी करावयाची. या मार्गातील धोका 2016 साली लिनक्सच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या विभागात उघड झाला. तेथे एका ठिकाणी आकडा वाढे, पण कमी होत नसे. 32 अंशांचा तो गणक सुमारे 429 कोटी वेळा वाढवून पुन्हा शून्यावर आणता येई, व वापरातील वस्तू मोकळी होई. 2017 सालच्या 4.11 या आवृत्तीत गणकाचा स्वतंत्र प्रकार आला. तो कमाल मर्यादेपाशी अडकून राहतो आणि मग ती वस्तू कधीच मोकळी होत नाही. येथे गळती पत्करून मोठा अनर्थ टाळला आहे.

दुसरा मार्ग प्रतीक्षेचा. ‘रीड-कॉपी-अपडेट’, संक्षेपाने आरसीयू, ही पद्धत लिनक्समध्ये 2002 साली आली. तीत वाचक आपल्या वाचनाचा आरंभ व शेवट नोंदवितो. लेखक जुन्या रचनेस हात न लावता नवी प्रत तयार करतो. आणि आधी वाचन सुरू केलेले सर्व वाचक बाहेर पडल्यावरच जुनी प्रत नष्ट होते. ज्याने नोंद केली नाही, त्याच्यासाठी मात्र कोणी थांबत नाही.

‘स्टॅकरॉट’ या दोषाचे मूळ नेमके येथेच आहे. डिसेंबर 2022 मधील 6.1 या आवृत्तीत प्रक्रियेच्या स्मृतिक्षेत्रांची नोंद ठेवण्यासाठी पूर्वीच्या लाल-काळ्या वृक्षाऐवजी ‘मेपल’ वृक्ष योजण्यात आला. प्रक्रियेचा स्टॅक खाली वाढतो तेव्हा त्याच्या क्षेत्राची सीमा बदलावी लागते. हे काम प्रथमपासून केवळ वाचन-कुलूप घेऊन होत असे. जुन्या वृक्षात ते चालून गेले. कारण सीमेचा आकडा क्षेत्राच्या नोंदीतच असे व वृक्षाची रचना बदलत नसे. मेपल वृक्षात मात्र सीमा गाठीतच असतात. त्यामुळे काही प्रसंगी जुनी गाठ काढून तिच्या जागी नवी बसवावी लागते आणि जुनी गाठ आरसीयूच्या नियमाने मोकळी होते. त्याच वेळी वाचन-कुलूप घेतलेला दुसरा वाचक त्या गाठीवर असू शकतो. आपल्याजवळ कुलूप आहे या विश्वासावर त्याने आरसीयूची नोंद केलेली नसते. अशा रीतीने त्याच्या हातातील गाठ नष्ट होते.

हा दोष जून 2023 मध्ये कळविण्यात आला, व 6.1 ते 6.4 या आवृत्त्या त्याच्या कक्षेत होत्या. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी केलेल्या दुरुस्तीत स्टॅक वाढविण्यापूर्वी लेखन-कुलूप घेणे आवश्यक ठरले. वाचन-कुलूप हाती असताना ते लेखन-कुलुपात बदलण्याची थेट सोय नाही. म्हणून ते सोडावे लागते, लेखन-कुलूप घ्यावे लागते, आणि क्षेत्राचा शोध पुन्हा नव्याने करावा लागतो. कारण मधल्या क्षणात ते क्षेत्रच नाहीसे झालेले असू शकते. हा पुनःशोध गाळला असता, तर एक दोष काढताना तसाच दुसरा निर्माण झाला असता. ही दुरुस्ती 6.5 मध्ये आली व 6.1.37, 6.3.11 आणि 6.4.1 या आवृत्त्यांतही पोहोचली.

या प्रकरणात मेपल वृक्षाचा नियम व स्टॅक वाढविण्याची जुनी रीत, दोन्ही आपापल्या जागी सुसंगत होत्या. दोष त्यांच्या संयोगात होता. म्हणून एखादी मूलभूत रचना बदलताना जुन्या रचनेने न सांगता दिलेली आश्वासने कोणती, आणि त्यांवर कोण विसंबून आहे, याची तपासणी अभ्यासकाने प्रथम करावयास हवी.