आरोह आणि अवरोह : एव्हरेस्टची परतवाट

संगीतात अवरोहाला आरोहाहून वेगळे विधान असू शकते. देस रागात चढताना शुद्ध निषाद लागतो, तर उतरताना कोमल. गिर्यारोहणातही वाट तीच असली, तरी उतरणाऱ्याच्या पायांखाली ती तशीच राहत नाही. एव्हरेस्टची नेपाळकडील वाट हे याचे बोलके उदाहरण होय.

मोसमी पावसापूर्वी, मे महिन्यात, शिखरमाथ्यावरून वाहणारा वेगवान वायुप्रवाह उत्तरेकडे सरकतो आणि वारा मोजके दिवस मंदावतो. चढाई या अवधीतच साधावी लागते. परंतु जो ऋतू माथ्यावरची वाट मोकळी करतो, तोच खालची वाट सैल करीत असतो. खुंबू हिमप्रपातात ऊन तापले की बर्फ सुटू लागतो व शिड्यांचे आधार ढिले होतात. म्हणून तो भल्या पहाटे ओलांडण्याचा प्रघात आहे. ल्होत्सेच्या भिंतीवर हिम कमी पडले, तर कठीण निळा बर्फ उघडा पडतो आणि वरून दगड कोसळू लागतात. २०१२ च्या मोसमात असेच घडले व तेथील मार्ग बदलावा लागला.

त्याच वर्षी १९ मे रोजी, वैशाखाच्या अखेरीस, पुण्याच्या 'गिरिप्रेमी' संस्थेचे आठ गिर्यारोहक उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखालील मोहिमेत शिखरावर पोहोचले व सुखरूप परतले. मराठी गिर्यारोहणाच्या इतिहासात ही घटना महत्त्वाची ठरली. मात्र अनुकूल दिवस थोडे असल्याने त्या दिवशी वाटेवर मोठी गर्दी होती आणि अन्य पथकांतील चार गिर्यारोहकांचा उतरणीवर अंत झाला.

याचे कारण समजून घ्यावयास हवे. सुमारे ७,९०० मीटर उंचीच्या साउथ कोलवरून गिर्यारोहक रात्री निघतात, ते सकाळी शिखर गाठून दुपारच्या ढगांपूर्वी परतता यावे म्हणून. शिखरावर श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या जेमतेम एक तृतीयांश असतो. सोबतच्या नळकांड्यांतील साठाही मोजकाच. रांगेत थांबलेला प्रत्येक तास तो साठा आणि दिवसाचा उजेड दोन्ही खातो. हा हिशेब उतरताना चुकवावा लागतो, आणि तेव्हा पायांत बळ उरलेले नसते.

सह्याद्रीचे कडे उतरणाऱ्याला पाय ठेवायची जागा दिसत नाही, हा मराठी गिर्यारोहकांचा जुना अनुभव आहे. हिमालयात त्यात वेळेची भर पडते. म्हणूनच परतीची वेळ निघण्यापूर्वीच ठरवावी आणि ती टळली, तर शिखर डोळ्यांसमोर असतानाही मागे फिरावे, असा दंडक आहे. तो पाळणे हे चढाईतील सर्वांत कठीण काम होय.