धड्याला चाल लावा, धड्यावर गाणं लावू नका

बुधवार पेठेत अप्पा बळवंत चौकातून आम्ही मुलांची पुस्तकं आणतो आणि जवळच्याच तापकीर गल्लीतून इयरफोन. घरी आल्यावर मुलं दोन्ही एकदम वापरतात. मांडीवर पुस्तक, कानात गाणं. विचारलं तर म्हणतात, "बाहेरचा गोंगाट ऐकू येत नाही, लक्ष लागतं." एका खोलीत टीव्ही, कुकर आणि दारात स्पीकर चालू असेल, तर त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण "वाचलेलं पेपरात आठवत नाही," ही तक्रारही त्याच मुलांची असते.

वाचताना आपण शब्द मनातल्या मनात बोलत असतो. ते थोडा वेळ धरून ठेवणारी मेंदूतली जागा फार लहान आहे. गाण्याचे शब्द तिथेच घुसतात आणि धड्याचे शब्द बाहेर पडतात. शब्द असलेलं गाणं चालू असताना पाठांतर कमी होतं, हे प्रयोगांत दिसलं आहे. नुसत्या वाद्यांचा त्रास कमी, पण पाठांतराला शांतताच बरी.

"मोझार्ट ऐकवा, मूल हुशार होतं" असंही कुणी सांगतं. १९९३ साली अमेरिकेत ३६ कॉलेज विद्यार्थ्यांना दहा मिनिटं ते संगीत ऐकवलं होतं. आकृत्यांची कोडी त्यांना जरा बरी सुटली, पण पंधरा मिनिटांत तो परिणाम ओसरला. मन प्रसन्न झालं, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून गाणं अभ्यासाआधी किंवा सुट्टीत जरूर ऐकावं.

मग गाण्याचा स्मरणशक्तीला उपयोग नाही का? आहे, आणि तो आपल्याइतका कुणाला ठाऊक? शाळेची पायरी न चढलेल्या आपल्या आज्यांना बाबासाहेबांचं चरित्र वामनदादा कर्डकांच्या गाण्यांतून पाठ आहे. विहारात येणारं लहान मूल अक्षरं शिकण्याआधी त्रिशरण-पंचशील म्हणतं. बुद्धवचन तर कित्येक शतकं पठणातूनच टिकलं. श्रीलंकेत ते लिहून काढलं गेलं इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात. चालीत एक शब्द पुढच्या शब्दाला ओढून आणतो.

म्हणून पाढे, सनावळ्या, सूत्रं यांना मुलांनी स्वतः चाल लावावी आणि मोठ्याने म्हणावी. नंतर पुस्तक मिटून, चाल सोडून, तेच आपल्या शब्दांत सांगावं. चालीने शब्द पाठ होतात, अर्थ मात्र समजून घ्यावा लागतो.

इयरफोनचा आवाज निम्म्याच्या आसपास ठेवा. गेलेली ऐकण्याची शक्ती परत येत नाही. रात्री झोप पुरी होऊ द्या; वाचलेलं झोपेत पक्कं होतं.

शांतता मात्र एकट्या मुलाला मिळवता येत नाही. परळच्या चाळीत एका खोलीत सगळं घर असायचं, तेव्हा लहान भीमराव लवकर झोपत आणि रामजीबाबा त्यांना रात्री दोनला अभ्यासाला उठवत. आज आपण एवढं तरी करू: संध्याकाळी दोन तास टीव्ही आणि स्पीकर बंद, विहार मुलांसाठी उघडा. याच बुधवार पेठेत, भिडे वाड्यात, जोतिबा-सावित्रीबाईंनी १८४८ साली मुलींची शाळा काढली. शेण-दगड झेलून त्यांनी आपल्याला पुस्तक दिलं. ते वाचायला दोन तासांची शांतता आपण देऊ शकतो.