एक, दोन, तीन... आणि अंदाजानं

दिवाळीत आमच्याकडे फराळाला आलेल्या माणसाचा हात चकलीवरून, लाडवावरून फिरत फिरत एका पत्र्याच्या डब्याशी हमखास थबकतो. "हे काय हो?" डब्यात गोल, पिठीसाखर भुरभुरलेली बिस्किटं असतात. दोन बिस्किटांच्या मध्ये जॅम, आणि वरच्या बिस्किटाला तीन भोकं. त्या भोकांतून लाल जॅम डोळ्यांसारखा बघत असतो. "ही लिंत्सची बिस्किटं," मी सांगते, आणि मग मला एक गोष्ट सांगावी लागते. दरवर्षी थोडी थोडी सांगते. आज सगळीच सांगून टाकते.

१९९६ सालच्या ऑगस्टमध्ये आम्ही ऑस्ट्रियातल्या लिंत्स या गावी गेलो. डॅन्यूब नदीकाठचं हे गाव पोलादासाठी प्रसिद्ध. वितळलेल्या लोखंडात शुद्ध प्राणवायू फुंकून पोलाद करण्याची पद्धत १९५२ साली इथं कारखान्यात सुरू झाली. तिच्या नावातच लिंत्सचं आद्याक्षर आहे. भारतात ही पद्धत पहिल्यांदा राउरकेल्याला आली. माझे यजमान त्याच क्षेत्रातले, त्यामुळे त्यांना लिंत्स म्हणजे काशीच वाटत होती. मला मात्र भाषा येत नव्हती, मुलगा चार वर्षांचा, आणि चार वाजताच अंधारणारे दिवस.

शेजारच्या घरात एक आजी एकट्या राहत. सगळी इमारत त्यांना 'ओमा' म्हणे, ओमा म्हणजे आजी. जिन्यात भेटल्या की मान हलवायच्या, माझ्या फोडणीचा वास आला की नाक किंचित वर करायच्या. त्यांना तो वास आवडत नसावा, अशी माझी खात्री होती, आणि मी मोहरी घालताना खिडकी उघडायला विसरत नसे.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पहाटे फोन वाजला. पुण्याहून भाऊ बोलत होता. आई गेली होती. "तू निघू नकोस," तो म्हणाला, "पोचेपर्यंत सगळं झालेलं असेल." फोन तीन मिनिटांत संपला. लेकीला तीन दिवसांचं सुतक. मी ते पाळलं. देव्हाऱ्यात दिवा नाही, स्वयंपाकात फोडणी नाही. वरण-भात उकडायचा आणि मुलाला भरवायचा. रडायलाही कुणी जवळचं बाईमाणूस नव्हतं.

चौथ्या दिवशी दारावर टकटक झाली. ओमा उभ्या होत्या. त्यांनी आपल्या नाकाकडे बोट दाखवलं, मग आमच्या स्वयंपाकघराकडे, आणि प्रश्नार्थक हात हलवला. वास येत नाही, काय झालं? तीन दिवस त्या माझ्या फोडणीची वाट बघत होत्या! मी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये "माझी आई" एवढंच म्हणाले. त्यांनी पुढं काही विचारलं नाही. मला आणि मुलाला हाताला धरून आपल्या स्वयंपाकघरात नेलं, माझ्या कमरेला एप्रन बांधला आणि टेबलावर तराजू ठेवला.

नाताळच्या आधीच्या चार रविवारांना तिकडं फार महत्त्व. त्या दिवसांत घरोघरी बिस्किटं होतात, आपल्याकडे दिवाळीआधी तळणी होतात तशी. त्यांतलं लिंत्सचं खास बिस्किट म्हणजे हे 'लिंत्सर आउगन', म्हणजे लिंत्सचे डोळे. ओमांनी तीन बोटं वर केली. "आइन्स, त्स्वाय, द्राय." एक भाग साखर, दोन भाग लोणी, तीन भाग मैदा. वजनानं. तिथली मुलं हे पाढ्यासारखं शिकतात.

मी बाह्या सरसावून कणीक तिंबावी तसं ते पीठ तिंबायला लागले. अंगातलं सगळं दुःखच त्यात घालत होते म्हणा ना. ओमांनी माझं मनगट धरलं. "ब्रेड नव्हे!" ती पहिली खेप भाजून निघाली ती फरशीसारखी. त्या हसल्या, आणि चार दिवसांत पहिल्यांदा मीही हसले.

गंमत अशी की ते शास्त्र मला आधीपासून माहीत होतं. शंकरपाळ्यांना आपण मोहन का घालतो? तूप पिठाच्या कणांभोवती बसतं आणि पिठाला चिवटपणा येऊ देत नाही, म्हणून खुसखुशीतपणा. इथं लोणी म्हणजे मोहनच, फक्त भरमसाट. ते थंड हवं, आणि पिठाला बोटांच्या टोकांनीच लावायचं. तळव्याच्या उबेनं लोणी वितळलं की संपलं. गोळा जेमतेम जमला की तास-दीड तास थंड जागी ठेवायचा, मग लाटायचं.

भरायचा जॅम 'रिबिझल'चा. ही करवंदापेक्षा लहान, लालभडक, आंबट फळं घडांनी लागतात. या शब्दाचंही एक प्रकरण आहे. ऑस्ट्रिया १९९५ साली युरोपीय संघात गेला तेव्हा त्यानं आपल्या स्वयंपाकातले २३ शब्द करारात लिहून सुरक्षित करून घेतले. जर्मनीतले शब्द वेगळे, आमचे आम्ही सोडणार नाही! त्या यादीत रिबिझल आहे. ओमा हे फार अभिमानानं सांगायच्या.

बिस्किटं भरून झाल्यावर मी मुलासाठी एक उचललं, तर ओमांनी डबा लावून टाकला. दोन दिवस थांबायचं. जॅमचा ओलावा बिस्किटात उतरतो, ते मऊ होतं, चव एक होते. मला त्यासाठी जर्मन शब्द सापडेना, पण मराठी लगेच सापडला: मुरणं. लोणचं मुरतं तशी ही बिस्किटं मुरतात.

त्या दिवशी निघताना त्या मला पहिल्यांदा 'डू' म्हणाल्या. तोवर आमचं 'अहो-जाहो' होतं. तिकडं वडीलधाऱ्या माणसानं आपणहून 'अगं' म्हटल्याशिवाय जवळीक होत नाही. त्या रात्री मी फोडणी घातली, आणि खिडकी उघडली नाही.

पण रात्री अंथरुणावर पडले तेव्हा एक विचार टोचू लागला. एका परक्या बाईच्या बिस्किटांचं प्रमाण मला अर्ध्या दिवसात पाठ झालं होतं. आणि माझ्या आईच्या नानकटाईचं?

आमच्या लहानपणी सदाशिव पेठेत कुणाच्या घरी भट्टी असणार? दिवाळीआधी आई तूप, साखर, मैदा, रवा पिशवीत भरून बेकरीवर घेऊन जायची, शेपटाला मी. तिथं बायकांची रांग. परातीत तूप आणि साखर तळव्यानं फेसायची, पांढरंशुभ्र हलकं होईपर्यंत. गोळे वळून पत्र्यावर मांडायचे, पत्र्यावर नावाची चिठ्ठी, आणि मग भट्टीच्या तोंडाशी वाट बघायची. गरम डबा घरी आणताना छातीशी धरलेला असायचा. १९७० साली 'रुचिरा' आलं, शेजारणी वाट्यांची मापं बघून करू लागल्या. आई म्हणायची, "पुस्तकातून हात येतो का?" तिचं सगळं अंदाजानं. मी कधी विचारलंच नाही. आई आहे, की विचारू कधीतरी.

वहिनीला पत्र लिहिलं. तिचं उत्तर आलं, "आई परातीकडे बघून थांबायच्या. मापाचं कधी बोलल्या नाहीत."

मध्यंतरी लिंत्सबद्दल आणखी एक गोष्ट वाचली. या बिस्किटांचं मूळ म्हणजे 'लिंत्सर टॉर्ट', सुकामेव्याच्या पिठाचा, वर जाळी घातलेला जॅमचा केक. १८२३ पासून योहान कॉनराड फोगल नावाच्या बेकरीवाल्यानं तो मोठ्या प्रमाणावर करून दूरवर पोचवला. आम्ही तिथं होतो तेव्हा त्याची सर्वांत जुनी कृती १६९६ सालची मानत. पण २००५ मध्ये तिथल्या संग्रहालयाच्या ग्रंथपाल वाल्ट्राउड फाइसनर यांना आडमाँटच्या मठात १६५३ सालचं हस्तलिखित सापडलं. ते आना मार्गारिटा साग्रामोसा नावाच्या सरदार घराण्यातल्या बाईंच्या पाककृतींचं. साडेतीनशे वर्षांनी त्या बाईंच्या हातचा केक पुन्हा करता येतो, तो का? तर ती कृती कागदावर उतरली होती म्हणून. माझ्या आईची नानकटाई एका पिढीत पुसली गेली.

पुण्यात परतल्यावर वहिनीनं आईची पितळी वाटी माझ्या हातात ठेवली. काठाला पोचा आलेली. ती घेऊन मी किती खेपा केल्या असतील! कधी पसरल्या, कधी दगड झाल्या. आता एक वाटी घट्ट तूप, एक वाटी पिठीसाखर, दोन वाट्या मैदा, पाव वाटी रवा इथवर आले आहे. भाऊ खातो, डोळे मिटतो आणि म्हणतो, "जवळ आलीस." पोचलीस असं अजून म्हणालेला नाही. बहुधा म्हणणारही नाही.

लिंत्सचे डोळे मात्र दरवर्षी बिनचूक जमतात. १०० ग्रॅम पिठीसाखर, २०० ग्रॅम बिनमिठाचं लोणी, ३०० ग्रॅम मैदा, चिमूटभर मीठ, अर्ध्या लिंबाची किसलेली साल. अंडं लागत नाही, त्यामुळे सासूबाईही खात. तीन मिलिमीटर जाड लाटून वाटीनं गोल कापायचे. निम्म्या गोलांना पेनाच्या टोपणानं तीन भोकं पाडायची, टोपण अर्थातच स्वच्छ धुतलेलं. १७० अंशांवर दहा-बारा मिनिटं, कडा जरा सोनेरी दिसेपर्यंत. गार झाल्यावर भोकांच्या बिस्किटांवर आधी साखर भुरभुरायची, मग खालच्यावर कोमट जॅम लावून ती अलगद ठेवायची. उलट केलंत तर डोळ्यांत साखर जाते! बाजारचा मिश्र फळांचा जॅम फार गोड होतो. करवंदाचा करून बघा. तोच लाल रंग, तोच आंबटपणा, आणि घट्टही छान होतो.

गेल्या दिवाळीत नात भोकांना बोट लावत होती. तिच्या हातात वही दिली आणि म्हटलं, "लिही." तिनं लिंत्सची कृती लिहिली, एक, दोन, तीन. मग पान उलटून विचारलं, "आणि नानकटाई?" मी चारही मापं सांगितली. तिनं ती लिहून घेतली आणि खाली स्वतःच्या मनानं एक ओळ घातली: 'पणजीची याहून चांगली होत असे.'

ती ओळ मी खोडली नाही.