गुरांच्या दातांनी राखलेला माळ

इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशायर परगण्यात स्ट्राउड गावाच्या डोक्यावर रॉडबरो कॉमन हा चुनखडीचा माळ पसरला आहे. कॉमन म्हणजे ढोबळमानाने आपलं गायरान. अशा माळांविषयी काही समज मात्र फार चिवट आहेत.

गैरसमज: हा माळ मुळातच उघडाबोडका आहे.
वस्तुस्थिती: इथे पूर्वी झाडी होती. माणसाने ती तोडली आणि शतकानुशतकं जनावरं चारून माळ मोकळा राखला. चराई थांबली की काटेरी झुडपं पुन्हा वर येतात.

गैरसमज: वीतभर मातीखाली दगड, तिथे उगवणार काय?
वस्तुस्थिती: जमीन हलकी आहे म्हणूनच एकच गवत माजत नाही. चांगल्या चुनखडी माळावर एका चौरस मीटरमध्ये वनस्पतींच्या ४०पर्यंत जाती सापडतात. खत टाकलं की गवत बोकाळतं आणि फुलं गुदमरतात.

गैरसमज: फुलपाखरं वाचवायची तर गुरांना बंदी करा.
वस्तुस्थिती: 'लार्ज ब्ल्यू' फुलपाखरासाठी हेच केलं गेलं. फुलपाखरं पकडून नेणाऱ्या संग्राहकांना रोखायला १९३०च्या दशकात एका जागेला कुंपण घातलं, तशी गुरंही बाहेर राहिली आणि फुलपाखरू तिथून गेलं. १९७९मध्ये ते ब्रिटनमधूनच नामशेष झालं. कारण शोधलं कीटकशास्त्रज्ञ जेरेमी थॉमस यांनी. या फुलपाखराची अळी आधी थाइम या वनस्पतीच्या फुलांवर जगते, मग जमिनीवर पडते. लाल मुंगी तिला आपलंच पिल्लू समजून उचलते आणि वारुळात नेते. तिथे अळी सुमारे दहा महिने मुंग्यांची पिल्लं खाते. पण ठरावीक जातीच्या या मुंगीला ऊबदार माती लागते. गवत बोटभर वाढलं, तरी सावलीने माती थंड पडते. १९८३मध्ये स्वीडनहून आणून हे फुलपाखरू ब्रिटनमध्ये पुन्हा रुजवलं. रॉडबरोवर ते सुमारे दीडशे वर्षं नव्हतं. तिथे आधी चराई आणि झुडपांची छाटणी बसवली, मग २०१९मध्ये १,१०० अळ्या सोडल्या. पुढच्याच उन्हाळ्यात फुलपाखरं उडाली.

गैरसमज: कॉमन म्हणजे कोणाचीच नसलेली जागा.
वस्तुस्थिती: या माळाची मालकी १९३७पासून नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे. चराईचा हक्क कॉमनच्या नोंदणीच्या १९६५च्या कायद्याखाली नोंद झालेल्यांनाच आहे. बाकीच्यांनी खुशाल फिरावं, पण आपली गाय आणून सोडता येत नाही.

मेच्या मध्यावर गुरं माळावर सुटतात आणि रस्त्यांवरही बिनधास्त उभी राहतात. तिकडे गाडीने गेलात आणि गाय आडवी आली, तर हॉर्न वाजवू नका. थांबा. माळ राखण्याचं काम तीच करते आहे.